एक कंस, एक फाटा : गोच्या डावांची नोंद साध्या मजकुरात कशी बसली?

#इतिहास #थ्रेड

१/
ओसाका, १८४६. सतरा वर्षांचा शूसाकू आणि इनोउए घराण्याचा प्रमुख, आठव्या दानचा गेन्नान इनसेकी यांच्यात गोचा डाव रंगला होता. शूसाकूने काळ्या सोंगटीने १२७ वी चाल केली. डाव पाहणाऱ्या एका वैद्याने सांगितले, की आता शूसाकूच जिंकणार. कारण त्या चालीनंतर इनसेकीचे कान लाल झाले आहेत. ३२५ चालींनंतर शूसाकूने दोन गुणांनी डाव जिंकला. जपानी परंपरा तो ‘कान लाल करणारा डाव’ म्हणून ओळखते.

२/
आज कोणीही तो डाव पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत जसाच्या तसा मांडू शकतो, कारण त्याची लेखी नोंद उरली. अशा नोंदीला जपानीत ‘किफु’ म्हणतात. परंतु लाल झालेले कान त्या नोंदीत नाहीत. ते आख्यायिकेतून आले. इनसेकीने त्यानंतर वेगळी चाल केली असती तर काय झाले असते, तेही नोंदीत नाही. प्रत्येक नोंद काही ठेवते, काही गाळते.

३/
या थ्रेडचा विषय आहे अशाच एका नोंदपद्धतीचा जन्म. १९८० च्या दशकात एका संशोधक विद्यार्थ्याने खेळाचे डाव, त्यांतले फाटे आणि त्यांवरचे भाष्य यांसाठी एक साधे, मजकुरात लिहिलेले फाइल-स्वरूप रचले. त्याचे नाव ‘स्मार्ट गेम फॉरमॅट’, संक्षेपाने एसजीएफ. संगणकाच्या जगात दहा वर्षे म्हणजे एक युग. हे स्वरूप मात्र आजही वापरात आहे. ते का टिकले, हा खरा प्रश्न.

४/
आधी खेळ समजून घेऊ. गोचा पट १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांचा. त्यांच्या छेदाचे बिंदू ३६१. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. पाळीपाळीने एकेक सोंगटी बिंदूवर ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलत नाही. चहूबाजूंनी कोंडली गेली तरच ती पटावरून उचलली जाते. बुद्धिबळातील चाल म्हणजे ‘कोठून कोठे’. गोमधील चाल म्हणजे केवळ ‘कोठे’.

५/
म्हणूनच कागदावरची जुनी पद्धत अतिशय सुटसुटीत होती. पटाची एक आकृती काढायची आणि प्रत्येक बिंदूवर चालीचा क्रमांक लिहायचा. संपूर्ण डाव एका आकृतीत मावतो. अडचण येते ती उचललेल्या सोंगटीच्या जागी पुन्हा सोंगटी पडली की. एका बिंदूवर दोन क्रमांक कसे लिहिणार? मग समासात टीप येते : अमुक क्रमांकाची चाल तमुक क्रमांकाच्या जागी.

६/
त्याहून मोठी अडचण भाष्यकाराची. एखाद्या चालीवर तो लिहितो : येथे पांढऱ्याने असे खेळायला हवे होते, मग काळ्याने असे उत्तर दिले असते, आणि तसे न देता दुसरे दिले असते तर... छापील पुस्तकात अशा प्रत्येक शक्यतेसाठी नवी आकृती काढावी लागते. वाचक एक बोट मूळ आकृतीवर ठेवून पाने उलटत राहतो. विचार फांद्यांनी वाढतो, कागद मात्र सपाट राहतो.

७/
गणिताच्या भाषेत या रचनेला वृक्ष म्हणतात. मोकळा पट हे मूळ. प्रत्येक चाल ही एक गाठ. जेथे दोन पर्याय संभवतात तेथे फाटा. घराण्याची वंशावळ आठवावी : एका पुरुषाला तीन मुले असली तर रेघ तीन ठिकाणी फुटते. खेळला गेलेला डाव ही त्यातली एकच शाखा. उरलेला वृक्ष न घडलेल्या डावांचा.

८/
असा वृक्ष फाइलमध्ये लिहिण्याची गरज आन्डर्स किरुल्फ यांना पडली. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकमध्ये प्राध्यापक युर्ग नीव्हरगेल्ट यांच्या मार्गदर्शनाखाली ते खेळणाऱ्या संगणक-प्रणालींवर संशोधन करीत होते. १९९० मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘स्मार्ट गेम बोर्ड’ : निरनिराळे खेळ खेळणारे प्रोग्राम घडवण्याची एक कार्यशाळाच. उदाहरणादाखल त्यांनी गो आणि ऑथेल्लो हे दोन खेळ घेतले.

९/
सोपा मार्ग समोर होता. संगणकाच्या स्मृतीत डावाचा वृक्ष जसा असतो तसाच्या तसा डिस्कवर उतरवायचा. अशी फाइल आटोपशीर असते आणि झटपट उघडते. मात्र ती ज्या प्रोग्रामने लिहिली त्यालाच कळते. त्या काळी यंत्रांचा स्वभावही जुळत नसे : मोटोरोलाचे प्रोसेसर मोठ्या संख्येचा वरचा बाइट आधी ठेवत, इंटेलचे खालचा. एका यंत्राने लिहिलेली संख्या दुसरे यंत्र उलटी वाचू शकत असे.

१०/
किरुल्फ यांनी मजकुराचा मार्ग धरला. फाइलमध्ये साधी अक्षरे आणि चार-पाच विरामचिन्हे. कोणत्याही संपादकात उघडेल, छापता येईल, पत्रातून पाठवता येईल. प्रोग्राम हरवला तरी माणूस ती डोळ्यांनी वाचू शकेल. या स्वरूपाची पहिली आवृत्ती १९८७ ची. एक्सएमएलला मान्यता मिळाली १९९८ मध्ये आणि जेसन त्याच्याही नंतरचे. म्हणजे वृक्ष लिहिण्याच्या या दोन्ही प्रसिद्ध पद्धती तेव्हा अस्तित्वात नव्हत्या.

११/
प्रत्यक्ष रचना किती साधी होती ते पाहू. अर्धविराम आला की नवी गाठ सुरू. गोल कंस उघडला की नवी शाखा सुरू. मिटला की शाखा संपली. मूळ फाइलमध्ये रोमन अक्षरे असतात. सांगाडा देवनागरीत असा दिसेल :

(; मूळ; पहिली; दुसरी (; तिसरी-अ; चौथी-अ ) (; तिसरी-ब; चौथी-ब ) )

दुसऱ्या चालीनंतर वाट दुभंगली. दोन्ही वाटा जतन झाल्या.

१२/
मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. पंचतंत्रात एक पात्र दुसऱ्याला गोष्ट सांगू लागते, त्या गोष्टीतले पात्र आणखी एक गोष्ट सांगते आणि ती संपली की आपण बरोबर सोडल्या जागी परत येतो. गोष्ट सुरू होणे म्हणजे कंस उघडणे, संपणे म्हणजे कंस मिटणे. उघडलेला प्रत्येक कंस मिटला पाहिजे, एवढीच अट.

१३/
कंसांची युक्ती एकट्या किरुल्फ यांचीच होती असेही नाही. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प या भाषेत १९६० पासून सारी माहिती कंसांत मांडली जात होती. १९८६ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात न्यूइक्स नावाच्या उपाहारगृहात काही जीवशास्त्रज्ञ जमले आणि प्राण्या-वनस्पतींचे वंशवृक्ष लिहिण्याची कंसांचीच पद्धत त्यांनी ठरवली. ती आजही ‘न्यूइक’ म्हणून ओळखली जाते. प्रश्न सारखा असला की उत्तरेही जवळ येतात.

१४/
आता गाठीच्या आत काय? तेथे गुणधर्म असतात : आधी एक-दोन अक्षरांचे नाव, मग चौकोनी कंसात मूल्य. ‘बी’ म्हणजे काळ्याची चाल, ‘डब्ल्यू’ म्हणजे पांढऱ्याची, ‘सी’ म्हणजे भाष्य, ‘एसझेड’ म्हणजे पटाचा आकार, ‘पीबी’ आणि ‘पीडब्ल्यू’ म्हणजे खेळाडूंची नावे. एका गाठीत असे कितीही गुणधर्म असू शकतात आणि त्यांच्या क्रमाला अर्थ नसतो.

१५/
सुरुवातीच्या आवृत्त्यांत येथे एक मजेदार सोय होती. नावातील लहान लिपीतली अक्षरे यंत्राने दुर्लक्षावी असा नियम होता. मोजायची ती फक्त मोठी. म्हणून ‘व्हाइट’ हा पूर्ण शब्द लिहिला तरी यंत्र त्यातले पहिलेच अक्षर पाहत असे. माणसाला अख्खा शब्द, यंत्राला संक्षेप, आणि फाइल एकच. दोन वाचकांसाठी एकच मजकूर लिहिण्याचा हा प्रयत्न होता.

१६/
बिंदूचा पत्ता दोन अक्षरांचा : पहिले स्तंभाचे, दुसरे ओळीचे. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, ‘ए’ ते ‘एस’ अशी एकोणीस अक्षरे. पाश्चात्त्य गो-पुस्तकांत स्तंभांना अक्षरे आणि ओळींना खालून वर आकडे देतात. शिवाय एकसारखे दिसून घोटाळा होऊ नये म्हणून ‘आय’ हे अक्षर गाळतात. यंत्राला असा घोटाळा होत नाही. म्हणून रूढी बाजूला ठेवून सरळ मोजणी स्वीकारली गेली.

१७/
गोमध्ये चाल सोडताही येते. ती कशी लिहावी? १९ च्या पटावर विसावा स्तंभ आणि विसावी ओळ नसतेच. म्हणून ‘टीटी’, म्हणजे पटाबाहेरचा बिंदू, हा चाल सोडल्याचा संकेत ठरला. हुशार तोडगा, पण एकोणिसापेक्षा मोठा पट कोणी घेतला तर? पुढे चौथ्या आवृत्तीत चाल सोडणे म्हणजे रिकामा चौकोनी कंस असे ठरले आणि मोठी अक्षरे धरून पट ५२ पर्यंत वाढवता आला. जुन्या फाइली वाचता याव्यात म्हणून ‘टीटी’ लाही मुभा राहिली.

१८/
यापुढचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा. कोणत्या सोंगट्या उचलल्या गेल्या हे फाइल सांगतच नाही. ते नियमांवरून काढता येते; मग पुन्हा लिहायचे कशाला? जे काढता येते ते लिहू नये आणि जे काढता येत नाही ते गाळू नये. दोन ठिकाणी लिहिलेली एकच गोष्ट कधीतरी परस्परविरोधी होते, हे दप्तरे चाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

१९/
त्याहून धाडसी भाग असा : चाल नियमबाह्य असली तरी वाचणाऱ्या प्रोग्रामने ती मांडावी, नाकारू नये, असे चौथ्या आवृत्तीचा आराखडा स्पष्ट सांगतो. पंचाचे काम फाइलकडे नाही. खेळाडूने चुकून नियम मोडला असेल तर तीही घडलेली घटना आहे. पुरावा दुरुस्त करणे हे नोंद ठेवणाऱ्याचे काम नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२०/
तसाच एक सूक्ष्म भेद खेळलेली चाल आणि मांडलेली स्थिती यांत केला गेला. शिकवताना कोडे म्हणून पटावर आधीच सोंगट्या ठेवतात. त्या ‘खेळल्या’ गेलेल्या नसतात. त्यांच्यासाठी वेगळे गुणधर्म आहेत आणि एकाच गाठीत दोन्ही मिसळू नयेत असा नियम आहे. शेवटी पटावर दिसते ते सारखेच, पण ते तेथे कसे आले हे निराळे.

२१/
निकालाची नोंदही अशीच विचारपूर्वक ठरवलेली. विजय किती गुणांनी, की प्रतिस्पर्ध्याने डाव सोडल्यामुळे, की वेळ संपल्यामुळे, हे वेगवेगळे लिहिता येते. बरोबरीसाठी शून्य, निकालच न लागलेल्या डावासाठी निराळा शब्द आणि निकाल माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह. तारखेतही नुसते वर्ष किंवा वर्ष-महिना चालतो. ‘माहीत नाही’ आणि ‘झाले नाही’ यांत फरक करणारी नोंदपद्धती जुन्या डावांना न्याय देऊ शकते.

२२/
आणखी एक नियम. प्रोग्रामला एखादा गुणधर्म अनोळखी वाटला तर त्याने तो फेकू नये. फाइल पुन्हा साठवताना जसाच्या तसा ठेवावा. कोणी स्वतःच्या सोयीसाठी नवा गुणधर्म जोडला तरी बाकीच्यांचे काम अडत नाही आणि त्याची माहितीही नष्ट होत नाही. जुन्या पोथीची नक्कल करणारा चांगला लेखनिक न कळलेला शब्दही उतरवून घेतो, तोच हा शिरस्ता.

२३/
बुद्धिबळाने नेमकी दुसरी वाट धरली. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ च्या सुमारास ‘पोर्टेबल गेम नोटेशन’, म्हणजे पीजीएन, पुढे आणले. तेही मजकुरातच; वर स्पर्धा, स्थळ, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल असे सात ठरलेले मथळे आणि खाली पुस्तकात छापतात तशाच चाली. पर्यायी चाली गोल कंसात. बुद्धिबळपटू ती फाइल पुस्तकासारखी वाचू शकतो.

२४/
फरक खोलवरचा आहे. पीजीएनमध्ये ‘घोडा अमुक घरात’ एवढेच लिहिलेले असते. दोन घोड्यांपैकी कोणता, हे समजण्यासाठी वाचणाऱ्या प्रोग्रामला आधीच्या साऱ्या चाली मांडून बुद्धिबळाचे नियम लावावे लागतात. एसजीएफचा वृक्ष मात्र खेळ अजिबात न कळणारा प्रोग्रामही उलगडू शकतो. एकाने माणसाची सवय जपली, दुसऱ्याने रचनेचा सरळपणा. दोघांनीही आपापली किंमत मोजली.

२५/
एसजीएफची किंमत कोणती? ते सर्व खेळांसाठी होते. प्रत्येक खेळाला क्रमांक होता : गो १, ऑथेल्लो २, बुद्धिबळ ३, आणि पुढे इतर अनेक. परंतु बुद्धिबळपटूंना आपली ओळखीची लिपी हवी होती. ते पीजीएनकडेच गेले. सर्वांसाठी शिवलेला अंगरखा अखेर मुख्यतः गोच्याच अंगाला बसला. सार्वत्रिकतेचा दावा करणाऱ्या अनेक पद्धतींचा इतिहास असाच आहे.

२६/
१९९२ मध्ये इंटरनेट गो सर्व्हर सुरू झाला आणि दूरदेशींचे खेळाडू एकमेकांशी खेळू लागले. डाव वाढले, प्रोग्राम वाढले आणि बोलीही वाढल्या. प्रत्येक प्रोग्राम थोडे वेगळे एसजीएफ लिहू लागला. १९९० च्या दशकात तिसरी आवृत्ती ईटीएचच्याच मार्टिन म्युलर यांनी आणि चौथी आर्नो होलोसी यांनी सिद्ध केली. होलोसी यांनी फाइलींतील चुका शोधून दुरुस्त करणारा एक तपासनीस प्रोग्रामही लिहिला.

२७/
चौथ्या आवृत्तीत लहान अक्षरांची ती जुनी सोय रद्द झाली. व्याकरण नेमक्या सूत्रांत बांधले गेले. मॅकिंटॉश, युनिक्स आणि डॉस ही तीन यंत्रकुळे ओळ संपल्याची खूण तीन तऱ्हांनी करीत. त्या तिन्ही तऱ्हा एकच मानाव्यात असे ठरले. प्रमाणभाषा घडताना जे होते तेच येथे झाले : शिस्त आली, थोडी गंमत गेली.

२८/
आता या कथेतील दुखरी बाजू. गो हा चीन, कोरिया आणि जपानचा खेळ. त्यावरचे भाष्य, खेळाडूंची नावे, स्पर्धांची नावे त्या लिप्यांत. फाइल-स्वरूप मात्र युरोपात घडले. कोणती लिपी-संकेतावली वापरली हे सांगण्याचा गुणधर्म चौथ्या आवृत्तीत आहे; तो नसेल तर लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरे, असे गृहीत धरावे असा नियम आहे. जो खेळ ज्यांचा, त्यांचीच लिपी अपवाद ठरली.

२९/
त्रास केवळ भावनेचा नव्हता. शिफ्ट-जिस या जपानी संकेतावलीत एक अक्षर बहुधा दोन बाइटांचे असते आणि दुसऱ्या बाइटचे मूल्य कधी कधी मिटत्या चौकोनी कंसाच्या मूल्याइतकेच असते. कताकाना लिपीतील ‘झो’ हे असेच एक अक्षर. भाष्यात ते आले, की बेसावध प्रोग्रामला वाटे कंस मिटला, भाष्य संपले. उरलेले वाक्य कचऱ्यासारखे बाहेर सांडे आणि वृक्ष मोडे.

३०/
मराठी माणसाने हे दुःख भोगलेले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी फॉन्टची अंतर्गत मांडणी वेगळी असे. एका फॉन्टमध्ये टंकलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. अनेक संस्थांच्या जुन्या डिस्कवरचा मराठी मजकूर असाच मुका होऊन बसला. मजकूर साधा आहे एवढ्याने भागत नाही. कोणाच्या अक्षरांना साधे मानले, तेही पाहावे लागते.

३१/
यावरचा उतारा म्हणजे यूटीएफ-८. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या या पद्धतीत रोमनबाह्य अक्षराचा कोणताही बाइट साध्या कंसाशी किंवा अर्धविरामाशी कधीही जुळत नाही. त्यामुळे जपानी ‘झो’ असो वा मराठी ‘ळ’, भाष्यात बिनधास्त लिहिता येते. व्याकरण न बदलता सगळ्या लिप्यांना दार उघडले, कारण मूळ व्याकरण मोजक्या चिन्हांवर उभे होते.

३२/
या नोंदींचा सर्वांत मोठा वाचक मात्र माणूस नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये ‘नेचर’ मध्ये अल्फागोवरचा शोधनिबंध आला. त्याच्या पहिल्या टप्प्यातील शिक्षणासाठी केजीएस या गो-सर्व्हरवरचे १,६०,००० डाव, म्हणजे २ कोटी ९४ लाख पटस्थिती, वापरल्या होत्या. केजीएसवरचे डाव एसजीएफमध्येच उपलब्ध असतात. वर्षानुवर्षे हौशी खेळाडूंनी खेळून मागे ठेवलेले डाव यंत्राची पाठशाळा झाले.

३३/
मार्च २०१६ मध्ये सोल येथे अल्फागोने ली सेडोल यांना ४-१ असे हरवले. दुसऱ्या डावातील अल्फागोची ३७ वी चाल आणि चौथ्या डावातील ली यांची ७८ वी चाल आजही अभ्यासली जाते. एक धागा येथे जुळतो : अल्फागोचे डेव्हिड सिल्व्हर आणि आजा हुआंग हे दोघेही कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात संशोधन करून आले होते आणि तेथे संगणकीय गोचे प्राध्यापक होते मार्टिन म्युलर, तिसरी आवृत्ती लिहिणारे तेच.

३४/
पुढच्याच वर्षी आलेल्या अल्फागो झीरोला मानवी डावांची गरजच उरली नाही. ते स्वतःशी खेळून शिकले. मग माणसांच्या नोंदींचे काम संपले काय? उलट, यंत्राने स्वतःशी खेळलेले डाव माणसांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झाले तेव्हा तेही एसजीएफमध्येच होते. शिष्य गुरूच्या पुढे गेला, पण वही तीच राहिली.

३५/
आता पुन्हा ओसाका. एसजीएफमध्ये एक चाल लिहायला सहा चिन्हे लागतात : अर्धविराम, रंगाचे अक्षर, दोन चौकोनी कंस आणि पत्त्याची दोन अक्षरे. ३२५ चाली म्हणजे १,९५० चिन्हे. १८४६ चा तो संपूर्ण डाव या थ्रेडच्या लहानशा तुकड्याएवढ्या जागेत मावतो. १२७ व्या चालीच्या गाठीत भाष्याचा कंस उघडून लाल कानांची आख्यायिकाही लिहिता येते. चालीपासून वेगळी, पण चालीशेजारी.

३६/
आणि इनसेकीने काय करायला हवे होते याचा वाद? त्यासाठी फाटे आहेत. पहिली शाखा नेहमी मुख्य, म्हणजे खेळलेला डाव तेथे; ‘असे झाले असते तर’ त्यानंतरच्या कंसांत. घडलेले, न घडलेले आणि सांगोवांगीचे, तिन्ही एकाच फाइलमध्ये आणि तरीही एकमेकांत न मिसळता राहतात. बखरी वाचताना हीच चाळणी आपल्याला आपल्या हाताने लावावी लागते.

३७/
म्हणून एसजीएफचे यश चतुराईत नव्हे, संयमात आहे. जे काढता येते ते लिहिले नाही, जे कळत नाही ते फेकले नाही, आणि जे घडले त्याचा न्याय केला नाही. जेथे स्वतःच्या लिपीलाच सामान्य मानले, तेथे ते चुकले आणि ती चूक दुरुस्त व्हायला काळ लागला.

३८/
पुढच्या वेळी संग्रहालयात एखादा ताम्रपट, मोडीतला कागद किंवा जमाखर्चाची वही दिसली, तर मजकुराबरोबर तिच्या रकानेही पाहावेत. कोणी ठरवले की येथे नाव लिहायचे आणि तेथे रक्कम? कशाला रकाना मिळाला नाही? इतिहास घटनांनी घडतो. पण आपल्यापर्यंत पोहोचतो तो कोणीतरी आधी आखून ठेवलेल्या कंसांतून.

थ्रेड समाप्त.